पेचकस कोणाच्या हातात: इंदूरमधलं एक प्रकरण

बायोमेडिकल इंजिनिअरिंगला, म्हणजे हॉस्पिटलातली मशिनं समजून घेण्या-सांभाळण्याच्या शाखेला, मुली येत नाहीत, असं निदान इंदुरात तरी कुणी म्हणू नये. वर्गात त्या असतात, चांगल्या मार्कांनी पास होतात, दीक्षान्त समारंभाचे फोटोही निघतात. मग पाच वर्षांनी एखाद्या हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे बिघडलेली मशिनं आणून टाकतात, तिथे डोकावून बघा. तिथे सगळे आम्ही बाप्येच. मधल्या वर्षांत या मुली जातात कुठे, याचं एक उत्तर मला माझ्याच विभागात सापडलं. ते मला फारसं शोभा देणारं नाही. तरी लिहून ठेवतो.

मी इंदूरच्या एका खासगी मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलात बायोमेडिकल विभागाचा प्रमुख होतो. हॉस्पिटलचं नाव इथे देत नाही, मुलीचंही देत नाही. वॉर्डबॉय आणि आया तिला 'मशीनवाली दीदी' म्हणायचे, तेच इथे चालवतो. तिचे आजोबा आणि माझे वडील रामबागेतल्या एकाच गल्लीतले, म्हणून घरी मी तिचा काका. हॉस्पिटलच्या फाटकातून आत आलं की सर. ही सीमा तिनेच आखली, पहिल्या दिवशी, मला न विचारता.

घर

दीदी २०१६ साली बारावी झाली. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेलं. दोन दगडांवर पाय ठेवू नयेत असं घरातल्या सगळ्यांनी बजावलं होतं, आणि विषय निवडताना दोन्ही दगड दाखवणारेही तेच होते. नीटला मार्क कमी पडले, खासगी मेडिकलची फी वडिलांच्या बँकेच्या नोकरीत बसणारी नव्हती. जेईई मेनच्या मार्कांवर एसजीएसआयटीएसला नंबर लागला. हे १९५२ सालचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, इंदूरच्या मराठी घरांत याच्या नावाला वजन आहे. कॉम्प्युटर मिळालं नाही, बायोमेडिकल मिळालं. खरं सांगायचं तर तिने ते निवडलं नव्हतं. आवड जन्मापासून असावी लागते असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले. म्हणजे बायोटेक का? औषधाचं दुकान काढता येईल का? आजींचा प्रश्न सगळ्यांत नेमका होता: "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग हॉस्पिटलात तू करणार काय?" चार वर्षं कुणाला याचं नीट उत्तर देता आलं नाही. वडील तेवढे खूश होते. मंडळाच्या गणपतीत गुणवंतांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी माइक हातात घेऊन कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. जन्म आपल्या इंदूरचा, १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, या हटून बसल्या, मग अटी घालून घेतलं, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट. टाळ्या पडल्या. दीदी मला नंतर म्हणाली, "काका, त्यांना निदान तोंडावर नाही म्हणाले होते." तेव्हा मला ते वाक्य कळलं नाही. आता कळतं.

कॉलेजात शरीररचना, इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, सिग्नल, इमेजिंग असं सगळं थोडं थोडं. इलेक्ट्रॉनिक्सवाले यांना अर्धे डॉक्टर समजतात आणि डॉक्टर अर्धे वायरमन. तिसऱ्या वर्षी तिने त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेल्या हृदयाच्या झडपेवर सेमिनार दिला आणि तिथे, तिच्याच शब्दांत, काटा हलला. ती झडप १९९० साली पहिल्यांदा माणसात बसवली गेली. त्याआधीची तीन रूपं चाचण्यांत नापास झाली होती, कुठे सांधा तुटला, कुठे चकती. चौथं टिकलं. तिला भुरळ घातली ती नापास झालेल्या तिघांनी. कुठे तुटलं, का तुटलं, उघडून बघितल्याशिवाय कसं कळलं असतं, हे ती मला पोळी खाता खाता सांगत होती.

एक शब्द दिला

२०२० च्या मार्चअखेर लॉकडाउन लागला. पहिल्या काही आठवड्यांत इंदूरची अवस्था काय होती ते इथल्या माणसांना सांगायला नको. शेवटचं सेमिस्टर मोबाइलवर उरकलं. कॅम्पसमधून सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी लागली होती, तिचं जॉइनिंग पुढे पुढे जात राहिलं. सप्टेंबरात ती माझ्याकडे आली. आम्हाला माणसं हवीच होती. पगार महिना तेरा हजार, सॉफ्टवेअरवाल्यांनी कबूल केलेल्याच्या निम्माही नाही.

रविवारी सकाळी वडिलांनी मला घरी बोलावलं. पोहे, वर शेव, शेजारी जिलेबी. इंदुरात गंभीर बोलणं यावाचून होत नाही.

"तुम्ही घरचे म्हणून विचारतो," ते म्हणाले. "रात्रपाळी असते का हो?"

"असते. पण तिला देणार नाही."

"आणि ते एक्स-रे वगैरे? उद्या लग्न व्हायचंय तिचं."

मी त्यांना सगळं समजावलं. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, किती डोस लागला ते तो मोजतो. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, हे डोसाचं माप. बाई गरोदर असल्याचं तिने कळवलं की पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर लागू द्यायचा नाही. एमआरआयमध्ये तर किरणोत्सर्ग नसतोच, तिथे चुंबक असतो. वडील समाधानाने मान हलवत होते. शेवटी मी म्हणालो, "मुलीसारखी सांभाळीन. काळजीच करू नका."

हे मी अगदी मनापासून बोललो. सगळ्या प्रकरणाचं मूळ या एका वाक्यात आहे. आम्ही बोलत होतो तेव्हा दीदी तिथेच होती, रिकाम्या प्लेटा उचलत होती. मिलिसिव्हर्टचे आकडे मी तिच्या वडिलांना सांगितले. तिला काय हवंय हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.

रजिस्टर

विभागात आम्ही चौघं. ती पाचवी. मी तिला रजिस्टर दिलं.

बाहेरच्या माणसाला सांगतो: हॉस्पिटलातल्या प्रत्येक उपकरणाला एक नंबर असतो, अगदी सक्शन मशीनपासून सीटीपर्यंत. कुठल्या वॉर्डात, कधी घेतलं, वॉरंटी कधी संपली, देखभालीचा करार कोणता, कॅलिब्रेशन (आकडे बरोबर दाखवतं का याची तपासणी) कधी, सगळं नोंदवावं लागतं. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचचे तपासनीस आले की आधी हेच मागतात. आमचं रजिस्टर म्हणजे गोंधळ होता. एकाच पंपाला दोन नंबर, भंगारात गेलेला मॉनिटर कागदावर आयसीयूत.

तिने तीन महिन्यांत ते सरळ केलं. पायऱ्या चढून, पलंगांखाली वाकून, बॅटरीने स्टिकर वाचून. मग तक्रारींचा रकाना जोडला: कोणत्या मशीनची, कोणत्या बेडवरून, किती वाजता, काय निघालं. 'काही बिघाड आढळला नाही' या शेऱ्याची तिला चीड होती. ती परत वॉर्डात जाऊन बघायची. बहुतेक वेळा रक्तातला ऑक्सिजन मोजायचा बोटाचा प्रोब उलटा लावलेला, नखांवर नेलपॉलिश, किंवा मोठ्या माणसाच्या दंडावर लहान मुलाचा बीपीचा पट्टा. मशीन ठीक, वापर चुकीचा. असल्या तक्रारींसाठी तिने वॉर्डावॉर्डात सिस्टरांचे दहा-दहा मिनिटांचे वर्ग घेतले, ते मी सुचवलेही नव्हते.

रजिस्टर इतकं चांगलं झालं की मी तिला दुसरं काही दिलंच नाही. दुरुस्तीचं काम आलं की मुलगे उठायचे. ती मागे उभी राहून बघायची आणि नोंद करायची. तिच्याबरोबरच लागलेला मुलगा पहिल्या महिन्यात डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, उघडून बसला होता. तिने सातव्या महिन्यापर्यंत एकाही मशीनचं झाकण काढलं नव्हतं. एकदा म्हणाली, "सर, लीकेज करंट मी मोजू का?" हृदयापर्यंत ज्याची तार पोहोचते त्या उपकरणातून पेशंटकडे जाणारा विजेचा झिरपा १० मायक्रोअँपियरच्या आत लागतो, छातीवर नुसती चिकटणारी असेल तर १०० पर्यंत चालतो. हे तिला पाठ होतं, मीटर कसा लावायचा हेही. मी म्हणालो, "तो करतोय ना, तू रीडिंग लिहून घे."

इंदुरात स्क्रू-ड्रायव्हरला आम्ही मराठी बोलतानाही पेचकसच म्हणतो. माझ्या टेबलाच्या खणात पेचकसांचा एक संच असायचा. मुलगे न विचारता खण उघडायचे. ती विचारायची. विचारलं की मी म्हणायचो, "कशाला, त्याला सांग ना." मला यात काही गैर वाटत नव्हतं. मी तिला सांभाळत होतो.

एप्रिलची रात्र

२०२१ चा एप्रिल. विभागातले दोघे कोविडने आजारी, तिसऱ्याच्या घरी वडील गेलेले. मी स्वतः पॉझिटिव्ह, हॉस्पिटलच्याच चौथ्या मजल्यावर एका खोलीत बंद. रात्रपाळीला माणूस उरला नाही. कुणीही तिला सांगितलं नाही, ती थांबली.

तिसऱ्या मजल्यावर जिथे आधी डे-केअरच्या खोल्या होत्या तिथे घाईने कोविड वॉर्ड उघडला होता. ऑक्सिजनची जुनी पाइपलाइन तिथवर वाढवली होती. त्या रात्री एका व्हेंटिलेटरने ऑक्सिजनच्या कमी दाबाचा अलार्म दिला. ड्युटी डॉक्टर म्हणाले, मशीन बदला. बदललं. दुसऱ्यानेही तोच अलार्म दिला. कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला, तो भोपाळहून झोपेत म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर संपला असेल. हे अगदीच चुकीचं नाही. हा सेन्सर म्हणजे एक लहानसा घट असतो, पाकिटातून काढला की वापरा किंवा न वापरा, झिजतच जातो, आणि दीड-दोन वर्षांत संपतो. पण सेन्सर संपला तर मशीन ऑक्सिजनच्या टक्केवारीबद्दल ओरडतं. दाबाबद्दल नाही. पहाटे दोनला एवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता?

दोन वाजून दहा मिनिटांनी तिचा मला फोन आला. मला ताप होता, मी अर्धवट झोपेत. मागे कसले कसले अलार्म वाजत होते.

"सर, गेल्या पाच दिवसांच्या नोंदी लावून बघितल्या. दाबाचे सगळे अलार्म वेगवेगळ्या मशिनांचे आहेत. बेड तेच. सतरा, अठरा, एकोणीस."

"म्हणजे?"

"लाइनच्या टोकाचे तीन."

मी उठून बसलो. काखेत कळसा म्हणतात तो तिच्या वहीत होता, आणि आम्ही सगळे मशिनं ढकलत होतो.

पुढचं तिने मला फोनवर ठेवूनच केलं. दाब मोजायचा गेज स्टोअरमधून काढला. खाली मॅनिफोल्डला, जिथून ऑक्सिजन लाइनमध्ये सोडतात तिथे, मोजलं, जवळजवळ ४.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, हवा तेवढा. मग एकोणीस नंबरच्या बेडच्या आउटलेटला लावला: २.४. सतराला थोडा जास्त. वाटेतल्या बेडला त्याहून जास्त. मशीन निर्दोष होतं, दाब नळीत पडत होता.

कारण उघड होतं, पण त्या गर्दीत कुणाला दिसलं नाही. व्हेंटिलेटरवरचा पेशंट मिनिटाला साधारण दहा-पंधरा लिटर खातो. नाकावाटे जोराचा प्रवाह देणारं एचएफएनसी मशीन मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं. त्या वॉर्डात एचएफएनसी एकामागून एक लागत गेली होती. नळी तीच, प्रवाह वाढलेला. प्रवाह दुप्पट झाला की नळीतली दाबाची घट जवळपास चौपट होते, त्यामुळे टोकाच्या बेडला उरतो तो उरलासुरला.

आता करायचं काय? डॉक्टर म्हणाले, टोकाच्या एचएफएनसीला जंबो सिलिंडर लावा. ती म्हणाली, नको. जंबोत ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर. शुद्ध ऑक्सिजनवर ६० लिटरने एक एचएफएनसी तो दोन तासांच्या आत संपवतं, आणि सिलिंडरची रांग बाहेर किती लांब आहे ते सगळ्यांना माहीत होतं. त्याऐवजी टोकाचे व्हेंटिलेटर रेग्युलेटर लावून सिलिंडरवर घ्या, त्यावर त्यांची रात्र निघते. एचएफएनसीचे दोन पेशंट उचलून रायझरजवळच्या, म्हणजे खालून येणाऱ्या मुख्य नळीजवळच्या, बेडवर न्या, तिथे लाइनला दाब आहे. डॉक्टरांनी तिच्याकडे दोन क्षण पाहिलं असावं. मग ते म्हणाले, "करो दीदी, जल्दी करो." पलंग हलवायला चार वॉर्डबॉय आणि ती. साडेचारपर्यंत अलार्म बंद.

एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ही हकिगत मी पुढे बऱ्याच जणांना सांगितली आणि ऐकणारा दर वेळी म्हणाला, "बघा, रजिस्टरच कामी आलं ना!" आलं. पण सात महिने मी तिला त्या कामावर ठेवलं होतं ते या रात्रीची तयारी म्हणून नव्हे. तिने माझ्या चुकीतून काहीतरी काढलं, त्याचं श्रेय माझ्या चुकीला देऊ नका. आणि त्या रात्री पेचकस लागलाच नाही, हा निव्वळ योगायोग. खरंच एखादं मशीन उघडायची वेळ आली असती तर तिचा हात पहिल्यांदा तिथे गेला असता, पहाटे दोनला, एकोणीस नंबरच्या पेशंटशेजारी. त्याची आठवण झाली की अजून पोटात गोळा येतो.

लिननचं स्टोअर

मे महिन्यात मी कामावर परतलो. पहिलं काम केलं ते तिच्या वडिलांना फोन. म्हटलं, दिलेला शब्द मोडतोय, रात्रपाळी देतोय. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अहो, ती एप्रिलभर घरी कुठे होती?"

त्या शब्दाचा विषय तिच्याशी त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. ती मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. मी तिथेच होते, काका." हॉस्पिटलच्या आत तिने मला काका म्हटल्याची ती एकच वेळ.

मग ऑपरेशन थिएटरच्या कामांवर ती जायला लागली आणि नवीनच काहीतरी कळलं. ओटीत शिरायचं तर कपडे बदलून स्क्रब घालावे लागतात. आमच्या विभागाचं लॉकर पुरुष डॉक्टरांच्या चेंजिंग रूममध्ये होतं. बायकांच्या दोन खोल्या: एक लेडी डॉक्टरांची, तिला किल्ली लागते. दुसरी नर्सिंगची, तिथल्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मैडम, ये नर्सिंग स्टाफ का है." सिस्टरांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्याकडे आधीच जागा कमी. दीदी लिननच्या स्टोअरमध्ये, हिरव्या चादरींच्या गठ्ठ्यांमागे कपडे बदलायची. आधी शिपाई शोधायचा, कुलूप उघडायचं, बाहेर कुणाला तरी उभं करायचं.

मला हे कळलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते, तेही एका तक्रारीमुळे. पित्ताशयाचं ऑपरेशन चालू असताना कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं मशीन, बंद पडली, पेशंटच्या मांडीखालच्या प्लेटचा अलार्म. सर्जनने तक्रार लिहिली की इंजिनिअरला यायला पंधरा मिनिटं लागली. खरं होतं. प्लेटचं जेल सुकलंय हे ओळखून नवीन प्लेट लावायला तिला चार मिनिटं लागली होती. बाकीची अकरा चादरींमागे गेली. मी इतकी वर्षं त्याच ओटीत जात होतो. माझं लॉकर पहिल्या दिवसापासून होतं, त्यामुळे लॉकर ही लागणारी वस्तू आहे हेच कधी डोक्यात आलं नाही.

नुकसानही झालं. ऑगस्टात तिने एका व्हेंटिलेटरचा हवेचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर साफ करताना हवेचा झोत मारला. त्या सेन्सरच्या आत केसासारखी बारीक तार असते, ती तुटली. काही हजारांचा भुर्दंड. विभागातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तो सेन्सर तोडलेला आहे, मी दोन. ॲडमिनवाल्यांनी मुलग्यांच्या वेळी बिल पास केलं होतं. तिच्या वेळी मला फोन आला, "सर, मैडम से हो पाएगा ना?" मी बिलावर सही केली आणि वर मागच्या तीन तुटलेल्या सेन्सरांच्या तारखा लिहिल्या, कोणाच्या हातून तुटले त्यासकट. त्यात माझंही नाव होतं. तारखा अर्थातच तिच्या रजिस्टरमधून मिळाल्या.

पुढची वाट

२०२२ ला तिने गेट दिली, एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा. बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर २०२० पासून सुरू झालाय, त्याआधी आमच्या मुलांना इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात डोकं घालावं लागायचं. मार्क बरे आले, हवं त्या ठिकाणी नंबर लागण्याइतके नाहीत. तिने दुसऱ्यांदा दिली नाही. नियमनाच्या कामातही संधी होती. २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि २०२० च्या एप्रिलपासून झाडून सगळी उपकरणं कायद्याखाली आली, तेव्हापासून जोखमीनुसार पाडलेल्या ए, बी, सी, डी वर्गांची कागदपत्रं जाणणाऱ्यांना कंपन्या शोधत असतात. काम चांगलं, पगार चांगला, एसीत बसून. मीच तिला सुचवलं. ती हसली, "सर, पुन्हा रजिस्टर?"

२०२३ च्या सुरुवातीला तिने व्हेंटिलेटर आणि ॲनेस्थेशिया मशिनं विकणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत दिली. तिथे जे झालं ते या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक मुलीने ऐकलेलं आहे. पहिली दहा मिनिटं सर्किटवर प्रश्न. सगळी उत्तरं बरोबर. मग अध्यक्षांनी फाइल मिटली आणि मृदू आवाजात विचारलं, ॲप्लिकेशनमध्ये का येत नाही? ॲप्लिकेशन म्हणजे डॉक्टरांना मशीन वापरायला शिकवायचं. हे काम कमी प्रतीचं अजिबात नाही. माझ्या ओळखीतल्या दोन उत्तम बायका ते करतात आणि मोठमोठे सर्जन त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. पण त्या तिथे स्वतः चालत गेल्या. हिला दार दाखवलं जात होतं.

तिने विचारलं, "सर्व्हिसची जागा भरली का?" नव्हती भरली. "मग मी त्याच जागेसाठी आले आहे." त्यांनी प्रवासाचं काढलं, रात्री-बेरात्रीचं काढलं, वजन उचलायचं काढलं. तिने २०२१ च्या एप्रिलच्या ड्युटीची यादी समोर ठेवली. माझी सही असलेली. त्या सहीसाठी मला कुणी धन्यवाद दिले नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आता ती माळवा आणि निमाड सांभाळते. देवास, उज्जैन, रतलाम, खंडवा, खरगोन. पाठीवर काळी बॅग, तिच्यात टेस्ट लंग (चाचणीसाठीचं नकली फुप्फुस), गेज, मीटर आणि स्वतःचे पेचकस. ती अजूनही प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर मशीनला हात लावायच्या आधी वॉर्डातल्या आउटलेटचा दाब मोजते. खंडव्याच्या एका डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, इंजिनिअर कधी येणार आहेत? ती म्हणाली, "येऊन अर्धा तास झाला." बायकांना किती वेळा हे वाक्य वापरावं लागतं याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

आजींना अजून ती काय करते ते पटलेलं नाही. मागच्या गणपतीत त्यांचं बीपी वाढलंय म्हणून घरात काळजी होती. दीदीने त्यांच्या दंडाला गुंडाळलेला पट्टा बघितला, तो अरुंद होता. लहान पट्ट्याने आकडा उगाच चढा येतो. बॅगेतला मोठा काढून लावला, आकडा उतरला. आजी म्हणाल्या, "म्हणजे पट्टे बदलतेस होय? मग एवढी चार वर्षं कशाला घातलीस?"

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. या जूनमध्ये माझ्या जागेवर आलेल्या मुलाचा फोन आला. दोन नव्या ट्रेनी मुली घेतल्यात, काय काम देऊ? मी म्हणालो, पहिल्या आठवड्यापासून रात्रपाळी आणि पहिल्या दिवसापासून पेचकस, पण आधी त्यांना विचार. तो म्हणाला, विचारलंय, एक तयार आहे, एक घरी बोलून सांगते म्हणाली. मग जरा थांबून म्हणाला, "सर, ते ओटीच्या चेंजिंग रूमचं काय?" २०२१ साली मी दिलेला अर्ज त्याला फाइलमध्ये सापडला होता. लिननच्या स्टोअरमध्ये प्लायवूडचं पार्टिशन आणि आतून कडी, एवढीच मागणी. पार्टिशन मंजूर झालंय. कडीसाठी वेगळा अर्ज करावा लागणार आहे.